परातीतली लेडी

आमच्या घराचा पत्ता मी गेली चाळीस वर्षं ‘एल. जे. रोड, माहीम’ असा सांगत आलो. टॅक्सीवाल्यांना तो कळतो, पोस्टमनला कळतो, लग्नपत्रिकांवर नीट छापून येतो. परवा एका नव्या कुरिअरवाल्या पोराने पाकीट हातात देता देता विचारलं, “काका, हे एल. जे. म्हणजे काय?”

“लेडी जमशेटजी.”

“कोण लेडीज?”

“लेडीज नाही रे. लेडी.”

“एकच?”

त्या पोराचं काही चुकलं नाही. मुंबईत ‘लेडीज’ हा शब्द एकवचनी आहे. कंडक्टर ओरडतो, “थांब रे, एक लेडीज उतरतेय!” अनेक असल्या तर त्या ‘लेडीज लोक’ होतात. लेडीज टेलर हा मिशीवाला पुरुष असतो, लेडीज सायकलला मधली दांडी नसते आणि लेडीज रुमाल इतका लहान असतो की त्याने एक अख्खी शिंक पुसली जात नाही. या सगळ्या लेडीजच्या गर्दीत एकटी, ‘ज’ नसलेली लेडी आता फक्त रस्त्याच्या पाटीवर उरली आहे. तीसुद्धा आद्याक्षरापुरती.

“म्हणजे मॅडम का?” पोराने विचारलं. “तसंच काहीतरी,” म्हणून मी सही केली आणि दार लावलं. पण मनातून ओशाळलो. ज्या बाईच्या नावाने चाळीस वर्षं आपली पत्रं येतात, तिच्या पदवीचा अर्थ आपल्याला सांगता येऊ नये?

नेमकी त्याच आठवड्यात आमच्याकडे आणीबाणी होती. पोळ्यांच्या बाई पुतणीच्या लग्नाला गावी गेलेल्या आणि हिचा उजवा हात मनगटापासून प्लॅस्टरमध्ये. बाहेरच्या चपात्या तीन दिवस खाऊन झाल्या. चौथ्या दिवशी ही म्हणाली, “कणीक तरी मळून द्या. पोळ्यांचं बघू.” ‘पोळ्यांचं बघू’ या तीन अक्षरी धमकीकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. (अक्षरं तीनपेक्षा जास्त आहेत हे मला माहीत आहे. धमकी छोटी वाटली, एवढंच.)

फडताळातून परात काढली. ही हिची लग्नातली परात. कडेवर ठोकून नाव घातलेलं आहे : ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे हिचं माहेरचं नाव, मग मामांचं नाव, मग तारीख. चार भांडी पीठ, चिमूटभर मीठ, मधोमध आळं केलं. इथपर्यंत मला सगळं जमलं.

“पाणी थोडं थोडं घाला,” ही खुर्चीवरून म्हणाली. मी घातलं. “अहो, थोडं थोडं म्हटलं!”

मी थोडंच घातलं होतं, फक्त एकदम घातलं. मग जे झालं त्याला कणीक म्हणता आलं नसतं, खळ म्हणता आली असती. पाचही बोटं एकमेकांना चिकटली. नाकाला खाज सुटली. फोन वाजला. आणखी पीठ घातलं, तेव्हा ती भिंतीच्या गिलाव्यासारखी घट्ट झाली. “कानाच्या पाळीइतकी मऊ हवी,” हे ऐकून मी अंदाज घ्यायला स्वतःची कानाची पाळी चाचपली, आणि तिथेही पीठ लागलं. शेवटी तेलाचं बोट फिरवून गोळा झाकून ठेवला. “आता अर्धा तास मुरू दे. त्याला हात लावू नका.”

हात न लावण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. त्या अर्ध्या तासात इंग्रजीचा जाडजूड व्युत्पत्तिकोश काढला आणि ‘लेडी’ हा शब्द उघडला.

मूळ रूप ‘ह्लॅफ्‌डीये’. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, अँग्लो-सॅक्सन काळातली इंग्रजी. त्यातला पहिला तुकडा ‘ह्लाफ’, म्हणजे आजचा लोफ, पाव. दुसऱ्या तुकड्याचं नातं कोशकार मळण्याशी लावतात. लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी!

मी कोशाकडे पाहिलं. मग परातीकडे. मग आरशात, कानाला पीठ लागलेल्या लेडीकडे.

शेजारच्याच पानांत ‘लॉर्ड’ होता. मूळ शब्द ‘ह्लाफ-वेअर्ड’. वेअर्ड म्हणजे राखणदार. तर लॉर्ड म्हणजे पोळ्यांच्या डब्यावर बसून राहिलेला माणूस. एकीने मळायचं, भाजायचं आणि दुसऱ्याने राखायचं. कामाची ही वाटणी ऐकल्यावर ही फक्त “बरोबर आहे” एवढंच म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यात आमच्या संसाराचं सगळं इतिवृत्त होतं.

आणि या घरात तिसराही एक जण होता : ‘ह्लाफ-ईटा’, पाव खाणारा. म्हणजे पदरी असलेला चाकर. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या, इसवी सन ६००च्या आसपासच्या कायद्यात तो भेटतो. साध्या कुणब्याचा असा पावखाऊ माणूस कोणी ठार केला तर मालकाला ६ शिलिंग भरपाई द्यायची. मळणारी, राखणारा आणि खाणारा. साऱ्या समाजाची उतरंड एका भाकरीभोवती बसवलेली. आपल्याकडेही ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आहे, ‘अन्नदाता’ आहे, पण आपण अन्नदात्याला पदवी म्हणून ‘भाकरीसाहेब’ कधी म्हटलं नाही. जाता जाता : लोफर या आपल्या लाडक्या शब्दाचा या लोफशी संबंध नाही. असता तर तिसऱ्या इसमाची फार चांगली सोय झाली असती.

बाकी युरोपातल्या पदव्या तपासल्या तर त्या रुक्ष निघतात. डचेस म्हणजे ड्यूकची बायको आणि ड्यूक म्हणजे लॅटिनमधला सेनानायक. मार्क्विस हा सीमेवरचा सरदार. गोव्यातल्या दोना पावलातली ‘दोना’ ही घराची मालकीण, लॅटिन ‘डोमिना’वरून. काउंटेसचा नवरा काउंट तेवढा जरा बरा, कारण तो मूळचा राजाचा ‘सोबती’ आहे. आपल्या ‘राणीसाहेब’मधला अरबी ‘साहेब’ही मुळात सोबतीच. आणि सोबत्याला इंग्रजीत कंपॅनियन म्हणतात, त्यातही लॅटिन पाव लपलेला आहे : ज्याच्याबरोबर पाव खातो तो. तोच लॅटिन ‘पानिस’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘पांव’ होऊन गोव्यात उतरला आणि आपल्या वड्याला येऊन भेटला. म्हणजे सच्चा कंपॅनियन व्हायला वडापाव एकत्र खाण्यापलीकडे काही करावं लागत नाही. पण हे सगळे पाव खाणारे. पीठ मळल्याचा उल्लेख पदवीत उघड उघड आहे तो फक्त लेडीच्या.

आता एवढी साधी, स्वयंपाकघरातली बाई सिंहासनाजवळ पोचली कशी? याचं श्रेय एका भलत्याच राणीला जातं. वेसेक्स हे इंग्लंडच्या दक्षिणेतलं राज्य. तिथे राजाच्या बायकोला राणी म्हणायचीच चोरी होती. आल्फ्रेड राजाचा चरित्रकार, बिशप ॲसर, याचं कारण सांगतो. एडबर्ग नावाची एक राणी होती. नवऱ्याच्या मर्जीतल्या माणसांचं तिला वावडं. एकाला तिने विषाचा पेला तयार केला, तो चुकून नवऱ्यानेच घेतला आणि ८०२ साली राजा गेला. बाई खजिना घेऊन समुद्रापार शार्लमेन बादशहाकडे पळाली. बादशहाने विचारलं, “मी हवा की माझा मुलगा?” ती म्हणाली, “मुलगा. तो तरुण आहे.” बादशहा म्हणाला, “मी म्हणाली असतीस तर मुलगा दिला असता. आता दोघेही नाही.” त्याने तिला एका मठाची मुख्य केलं, तिथूनही गैरवर्तनासाठी हाकललं आणि शेवटी ती पाव्हिया शहरात भीक मागत मेली. ॲसर हे इतक्या तपशिलाने सांगतो की, बिशपला इतकं रंगात येणं शोभतं का असं वाटावं. तात्पर्य, वेसेक्सच्या लोकांनी ठरवलं : यापुढे राजाची बायको राणी नाही, सिंहासनावर शेजारी बसायचं नाही. मग तिला म्हणायचं काय? ह्लॅफ्‌डीये. तुझं पेयाचं खातं काढून घेतलं, कणकेचं सांभाळ.

याच वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. त्याची गोष्ट इंग्लंडात पोरासोरांना पाठ असते. ८७८ साली चाल करून आलेल्या डेन लोकांनी त्याला पळवून लावला, तो सॉमरसेटच्या दलदलीत लपला. कोणा गुराख्याच्या झोपडीत आसऱ्याला बसला असताना घरच्या बाईने चुलीवर पाव टाकले आणि म्हणाली, “एवढं लक्ष ठेव.” राजा राज्याच्या विचारात, पाव करपून कोळसा. बाईने त्याला, तो कोण हे न ओळखता, यथेच्छ झापला. ही दंतकथा आहे, त्यानंतर शंभरेक वर्षांनी एका संतचरित्रात प्रथम लिहिलेली. पण मला तिचा विनोद आज कळला. या माणसाची पदवी काय? ह्लाफ-वेअर्ड. पावांचा राखणदार! बाईने त्याला वेगळं काही सांगितलंच नव्हतं, त्याच्या हुद्द्याचं काम सांगितलं होतं. तेवढंच त्याला जमलं नाही. पुढे इतिहासाने त्याला ‘थोर’ म्हटलं. पुरुषाला करपलेल्या पोळ्या माफ असतात.

पोळ्या करपवणाऱ्या या बापाची मुलगी एथेलफ्लेड. तिचं लग्न मर्शिया या शेजारच्या प्रांताच्या सरदाराशी झालं. त्याला म्हणत मर्शियनांचा लॉर्ड. ९११ साली तो वारला, आणि लोकांनी दुसरा लॉर्ड शोधला नाही. तिलाच पुढे केलं. त्या काळच्या बखरीत ती ‘मर्शियनांची लेडी’ म्हणून येते. समस्त मर्शियाची कणीक मळणारी. या बाईने पाच-सहा वर्षांत दहा किल्ले बांधले किंवा नव्याने उभे केले : टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिक, रनकॉर्न आणि आणखी काही. ९१७ साली डेनांकडून डर्बी घेतलं. ९१८ साली लेस्टर, तेही न लढता, नुसता दरारा पाहून त्यांनी दारं उघडली. यॉर्कची मंडळीही शरण येण्याचं वचन देऊन बसली होती, पण त्याच वर्षी जूनमध्ये ती टॅमवर्थला वारली.

इथे मला मराठीचा अभिमान वाटला. इंग्रजांना आपल्याच शब्दाचा अर्थ विसरायला झाला, म्हणून त्यांना कोश उघडावा लागतो. मराठी माणसाला एका वाक्यात कळेल : त्या बाईने डेनांची कणीक तिंबली.

आणि हे केवळ शब्दांशी खेळणं नाही. ‘डीये’मधला धातू फार जुना आहे. त्याचा अर्थ ओल्या मातीला किंवा पिठाला हाताने थापून आकार देणं. इंग्रजीत त्यापासून कणकेचा ‘डो’ आला. ग्रीकमध्ये त्यापासून तटबंदीची भिंत आली. म्हणजे किल्ले बांधणारी लेडी धातूला धरूनच वागत होती. अवेस्तात त्याचाच शब्द आहे कुंपणाच्या भिंतीला, आणि ‘भोवती भिंत घातलेली बाग’ यावरून पॅराडाइज, फिर्दौस. संस्कृतात तोच धातू ‘दिह्’, म्हणजे लिंपणं, माखणं, आणि त्यावरून आपला देह. लॅटिनमध्ये तोच घडवण्याचा अर्थ घेऊन ‘फिगुरा’ झाला, म्हणजे फिगर. देह आणि फिगर ही एकाच परातीतली कणीक आहे, हे मी हिला उत्साहाने सांगितलं. तिने माझ्या देहाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पुढे मात्र लेडीच्या हाताचं पीठ हळूहळू धुतलं गेलं. शब्द झिजत झिजत ‘लाफ्‌दी’, मग ‘लेडी’ झाला, त्यातला पाव गेला आणि उरला मान. गंमत म्हणजे मळणारीसाठीचा जो साधा शब्द होता, तो ‘डे’ होऊन खाली गोठ्याकडे गेला, दूधदुभतं बघणारी मोलकरीण झाला आणि त्यावरून आली डेअरी. एक बहीण दिवाणखान्यात, दुसरी गोठ्यात. आपल्या ‘बाई’चंही हेच झालं आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई म्हणताना मान आपोआप लवते. शाळेत ‘बाई’ म्हटलं की पाठ ताठ होते. आणि “आज आमच्या बाई आल्या नाहीत” असं कोणी फोनवर सांगितलं की पलीकडच्या माणसाला सिंकमधली खरकटी भांडी दिसतात.

मान वाढला तसे नियम वाढले. आता नवरा ‘सर’ झाला की बायको आपोआप लेडी होते, पण ती आडनावाची. अर्ल, मार्क्विस किंवा ड्यूकची मुलगी जन्मानेच लेडी, पण ती पहिल्या नावाची. वुडहाउसच्या कादंबऱ्यांतल्या लॉर्ड एम्सवर्थची ती जहांबाज बहीण आठवा. तिने साध्या मिस्टर कीबलशी लग्न केलं, तरी ती लेडी कॉन्स्टन्सच राहिली. डायना स्पेन्सर १३ वर्षांची असताना, १९७५ साली, आजोबा वारले, वडील अर्ल झाले आणि ती लेडी डायना झाली. मुठीएवढं पीठही न मळता. उलट बाईला स्वतःच्या कर्तृत्वाने ‘डेम’ ही पदवी मिळाली, तर नवऱ्याला काही मिळत नाही. हे वाचून इंग्रजांना हसणार होतो, पण आमच्या गावच्या पाटलीणबाई, कुलकर्णीणकाकू, मामलेदारीण आणि मास्तरीण डोळ्यांपुढे आल्या. हुद्दा नवऱ्याचा, प्रत्यय बायकोचा. आणि डॉक्टरीणबाईंचे यजमान गावभर ‘डॉक्टरीणबाईंचे मिस्टर’.

या नियमाप्रमाणे जमशेटजी जीजीभॉय १८४२ साली सर झाले आणि त्यांच्या पत्नी आवाबाई लेडी जमशेटजी. तेव्हा माहीमहून वांद्र्याला खाडी ओलांडून जायला होडी होती. तिथे रस्ता हवा होता आणि कंपनी सरकारचा हात खिशापर्यंत पोचत नव्हता. आवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांची अट एकच : या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात एवढ्या स्पष्ट मराठीत कोणी अट घातली असेल असं वाटत नाही, आणि ती बाई गुजराती बोलणारी होती! रस्त्याला नाव मिळालं, पण त्यात ‘आवाबाई’ कुठे आहे? नियमाने नवऱ्याचं नाव आणि मागे ‘लेडी’. शब्दार्थच लावायचा तर आमच्या रस्त्याच्या पाटीवर ‘जमशेटजींकडची कणीक मळणारी मार्ग’ असं लिहिलं आहे.

नागपूरला लेडी अमृतबाई डागा कॉलेज आहे, त्यात निदान बाईंचं नाव शाबूत आहे. अर्थात नागपूरकर त्याला एल.ए.डी. म्हणून मोकळे होतात. एसएनडीटी विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी. १९३३च्या २१ दिवसांच्या उपासाचे दिवस गांधीजींनी त्यांच्या पुण्यातल्या पर्णकुटी बंगल्यात काढले. ज्या घरच्या लेडीने पाव मळायचा त्याच घरी पाहुणा उपाशी! याच विद्यापीठाच्या जुहूच्या गृहविज्ञान महाविद्यालयाला नाव मात्र सर विठ्ठलदास ठाकरसींचं आहे. स्वयंपाकघरात सरांची एवढी एकच एन्ट्री मला सापडली. पुढे संविधानाच्या १८व्या कलमाने किताब बंद झाले आणि लेडी पाट्यांवर थिजली.

खऱ्या लेडी मात्र ५ मे १९९२ रोजी एका गाडीत बसल्या. त्या दिवशी चर्चगेट-बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल लोकल सुटली. त्या गाडीत बसलेल्यांपैकी किती जणी पहाटे उठून कणीक मळून, पोळ्या डब्यात भरून निघाल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण गाडीचे सगळे डबे भरून ह्लॅफ्‌डीये एका फलाटावर उतरल्याची घटना इंग्लंडात तरी कधी घडली नसावी.

पोळ्यांच्या बाई आठ दिवसांनी परतल्या. ओट्यावर मी सकाळी मळून ठेवलेला गोळा होता. त्यांनी त्यात एक बोट खुपसलं. बोट परत येईना.

“काका, ही तुम्ही मळली?”

“हो. का?”

“काही नाही.” त्यांनी पिठाचा डबा पुढे ओढला.

मी त्यांना लेडीची सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकत होत्या आणि माझा गोळा दोन हातांनी असा काही तिंबत होत्या की मला डेन लोकांची दया आली.

“म्हंजे लेडी मळनार. मंग त्यो लॉर्ड काय करनार?”

“पोळ्या राखणार.”

“कोनापासून?”

याचं उत्तर कोशात नव्हतं. हिने प्लॅस्टरचा हात वर केला, जणू वर्गात तिला उत्तर येत होतं. पण बाईंचं लक्ष आता परातीकडे होतं. इतके दिवस मी ती नुसती विसळून पालथी घालत आलो होतो. कडेवरच्या ‘चि. सौ. कां.’मध्ये कणीक घट्ट वाळून बसली होती. बाईंनी नखाने टोकरून पाहिलं, मग ओचा खोचला आणि परात नळाखाली धरली.

“भिजत घालावी लागंल,” त्या म्हणाल्या, “नावातली निघत नाही लवकर.”